दारावरचा दिवा

अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या आमच्या पहिल्या ऑक्टोबरमधली एक संध्याकाळ अजून मनातून जात नाही. डी मॉइनला येऊन आम्हाला जेमतेम सात आठवडे झाले होते. नवरा ऑफिसातून यायचा होता. लेक तीन वर्षांची, नुकतीच तापातून उठलेली, म्हणून तिला घेऊन मी मागच्या खोलीत बसले होते. साडेसहाच्या सुमाराला रस्त्यावरून मुलांची किलबिल ऐकू यायला लागली. पुढच्या खोलीत जाऊन पडदा सरकवला, तर समोरच्या घराच्या पायऱ्या एक चिमुकला डायनासोर चढत होता. त्याच्यामागे बापाचा हात धरून एक परी, आणि तिच्या पंखांखाली जाडजूड कोट.

हॅलोवीन, म्हणजे मुलं सोंगं घेऊन खाऊ मागत दारोदार हिंडतात तो सण, ३१ ऑक्टोबरला असतो हे मला ठाऊक होतं. चॉकलेटची पिशवीही आणून ठेवली होती. आज ३० तारीख, मग ही मुलं आज कशी? पण विचार करायला वेळ नव्हता. मी पिशवी फोडली, स्टीलच्या मोठ्या डब्यात ओतली आणि लेकीला कडेवर घेऊन दाराशी उभी राहिले. पावलं आमच्या अंगणापर्यंत यायची, क्षणभर थांबायची आणि पुढे निघून जायची. एकदा तर दोन मुलं अगदी पायरीपर्यंत आली. त्यांच्या आईने हळूच काहीतरी सांगितलं आणि ती वळली. आठ वाजेपर्यंत मी तशीच उभी होते. बेल वाजलीच नाही.

दुसऱ्या दिवशी मी नेमाने तयारीत बसले. त्या दिवशी कुणीच आलं नाही, ना आमच्याकडे, ना शेजारी. शेवटी समोरच्या आजींना विचारलं. त्या सत्तरीच्या, एकट्या राहणाऱ्या. त्या म्हणाल्या, "अगं, तुमच्या दारावरचा दिवा बंद होता. दिवा बंद असला की मुलांनी त्या घरी जायचं नसतं. आम्हाला वाटलं, बाळाला बरं नाही म्हणून तुम्ही मुद्दामच लावला नसेल."

तिथून मला या सणाची गोडी लागली.

ज्यांनी परदेशात घर केलंय त्यांना वेगळं सांगायला नको, इथे दार ही फार बंद गोष्ट आहे. माणसं वाईट नाहीत. आयोवाची माणसं तर वाटेत भेटलं की हात हलवल्याशिवाय पुढे जात नाहीत. पण फोन केल्याशिवाय, दिवस ठरवल्याशिवाय कुणी कुणाची बेल वाजवत नाही. दुपारी अवेळी बेल वाजली तर पार्सल आलं असं समजायचं. मी जळगावची. आमच्या गल्लीत दार दुपारीसुद्धा लोटलेलं असायचं, कडी फक्त रात्री. विरजण मागायला, निवडून दिलेले गहू न्यायला, नुसतंच "काय करतेस गं" म्हणायला कुणी ना कुणी यायचं. त्या सवयीतून इथे आल्यावर पहिले काही महिने बेल न वाजण्याचा आवाज मला ऐकू यायचा. आणि वर्षातून एक संध्याकाळ अशी आहे की त्या दिवशी अख्ख्या गल्लीची लेकरं अनोळखी दारात येतात, आणि त्यासाठी दाराबाहेरचा एक दिवा लावला की पुरे, हे कळल्यावर मला किती आनंद झाला असेल!

तारखेचं गूढही उकललं. डी मॉइनमध्ये मुलं दारोदार जायची ती ३० ऑक्टोबरला, संध्याकाळी सहा ते आठ. या दिवसाला 'बेगर्स नाइट' म्हणतात. त्याचं मूळ १९३८ सालात आहे. हॅलोवीनच्या रात्री पोरांनी टवाळक्या करायच्या ही जुनी रीत, पण तोवर ती इतकी वाढली होती की खिडक्या फुटू लागल्या, आगी लागू लागल्या, पोलिसांकडे शेकड्यांनी तक्रारी आल्या. मग शहराच्या क्रीडांगण समितीने ठरवलं की मुलांना रोखण्यापेक्षा त्यांना काहीतरी करायला द्यावं. आदल्या संध्याकाळी दारोदार जा, खाऊ मागा, पण फुकट नाही. गाणं म्हणा, कविता म्हणा, काहीतरी करून दाखवा. पुढे त्यातला विनोद तेवढा टिकला. आजही इथलं मूल दारात येतं, एक विनोद सांगतं आणि मग झोळी पुढे करतं. अमेरिकेत इतरत्र राहणाऱ्या मैत्रिणींना मी हे सांगते तेव्हा त्यांना नवल वाटतं, कारण त्यांच्याकडे नुसतं 'ट्रिक ऑर ट्रीट' म्हटलं की झालं.

नवऱ्याला ते नाव खुपलं होतं. "आपली मुलगी भिकाऱ्यांच्या रात्री दारोदार हिंडणार?" तो रागावला नव्हता, त्याला खरंच वाईट वाटलं होतं. मी त्याला जोगव्याची आठवण करून दिली. त्याची आजी नवरात्रात परडी घेऊन पाच घरी जोगवा मागायची. घरी काही कमी नव्हतं. तरी पाच घरचं मूठभर पीठ आल्याशिवाय तिला चैन पडायचं नाही. ते मागणं आणि भीक मागणं यांत किती अंतर आहे हे त्याला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. तो थोडा वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, "मग आपण पाचच घरी न्यायची." पहिल्या वर्षी आम्ही खरंच पाच घरी गेलो. दुसऱ्या वर्षापासून मोजणं लेकीच्या हातात गेलं.

माझ्या मनात मात्र पहिल्यापासून जोगवा नव्हता, भुलाबाई होती. खानदेश-विदर्भाबाहेरच्या वाचकांना भोंडला ठाऊक असेल, भुलाबाई कदाचित नसेल. भाद्रपदाच्या पौर्णिमेला आम्ही मातीचे भुलोजी-भुलाबाई घरात बसवायचो, म्हणजे शंकर-पार्वतीच. पार्वती माहेरी आलेली असते. महिनाभर रोज संध्याकाळी गल्लीतल्या मुली टिपऱ्या घेऊन घरोघरी जायच्या. एकीच्या घरची गाणी संपली की दुसरीच्या घरी. आणि गाणी संपली की खरी गंमत: खाऊ ओळखायचा. घरची बाई झाकणाचा डबा घेऊन बाहेर येणार, तो कानाजवळ धरून हलवणार आणि आम्ही विचारणार, गोड की तिखट? कडक की मऊ? डबा खुळखुळला तर शेंगा किंवा चिक्की. धप्प वाजला तर लाडू. काहीच वाजलं नाही तर भेळ नाहीतर शिरा. माझी आई या बाबतीत पक्की. ती खोबऱ्याच्या वड्या फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवायची, म्हणजे आवाज फसवा यावा. दहा-दहा मिनिटं आम्ही अडून बसायचो. ओळखता आलं नाही म्हणून कुणी उपाशी परत गेलं असं कधी झालं नाही, पण न ओळखता खाऊ घेण्यात मजा नव्हती.

आता डी मॉइनच्या पायरीवर उभं राहून विनोद सांगणारं पोर पाहिलं की माझ्या डोळ्यांसमोर काय येत असेल ते सांगा. तिन्हीसांजेची वेळ, ऑक्टोबरमधली हवा, घोळक्याने हिंडणारी मुलं, दारात उभी असलेली हसरी बाई, आणि खाऊ हातात पडण्याआधी दोघांमध्ये होणारी ती छोटीशी देवघेव. रंग वेगळे, गाणी वेगळी, पण मला त्यात परकं काही सापडेना.

आमच्या मंडळातल्या काही जणांना सापडतं, आणि त्यांचं म्हणणं मी उडवून लावत नाही. भुताखेतांचा सण आपण का करायचा? लक्ष्मी यायच्या दिवसांत दारात सांगाडा टांगायचा? माझ्या आईनेही पहिल्या वर्षी फोनवर हेच विचारलं होतं. सांगाडा मी टांगत नाही. समोरच्या अंगणात थर्माकोलच्या समाध्या मांडलेल्या पाहिल्या की आजही मला कसंतरी होतं. नऊवारी नेसवून लेकीला 'सोंग' म्हणून पाठवायचं एकदा कुणीतरी सुचवलं, त्यालाही मी नाही म्हटलं. नऊवारी माझ्या आजीचा रोजचा पोशाख होता, ते सोंग नव्हे. पण 'हे त्यांचं, हे आपलं' ही रेघ सणाच्या मधोमध मारता येते असं मला वाटत नाही. कारण हा सण तरी 'त्यांचा' कुठून आला?

तो आला आयर्लंडहून, उपाशी माणसांबरोबर. तिकडे सुगी संपून हिवाळा लागायचा त्या रात्री 'साउइन' पाळायचे. त्या रात्री मेलेल्यांची आणि जित्यांची जगं एकमेकांजवळ येतात अशी समजूत होती. पुढे १ नोव्हेंबरचा सर्व संतांचा दिवस आणि २ तारखेचा मृतात्म्यांचा दिवस त्याला येऊन मिळाले. इंग्लंडात या दिवसांत गरीब माणसं दारोदार जायची, त्या घरच्या मेलेल्यांसाठी प्रार्थना करायची आणि बदल्यात छोटे गोड केक मिळवायची. पितृपंधरवड्यात पान वाढणाऱ्या माणसाला हे लगेच कळेल. १८४५ नंतर बटाट्याचं पीक कुजलं, आयर्लंडात भयंकर दुष्काळ पडला आणि लाखो लोक जहाजांत बसून अमेरिकेला आले. त्यांनी येताना आपली रात्रही आणली. गावाकडे ते सलगम कोरून त्यात दिवा लावायचे. आयर्लंडच्या राष्ट्रीय संग्रहालयात डोनेगलमधल्या अशा एका सलगमाच्या दिव्याचा साचा जपून ठेवलाय. मी त्याचा फोटो पाहिला आहे. सुकलेलं, सुरकुतलेलं, दात विचकणारं ते तोंड आजच्या गोल गुबगुबीत भोपळ्यापेक्षा कितीतरी भयानक आहे. इकडे आल्यावर त्यांना भोपळा दिसला. मोठा, कोरायला सोपा, शेतोशेती पडलेला. मग सलगम मागे पडलं.

मला त्या पहिल्या बाईचा विचार फार वेळा येतो, जिने हातात भोपळा घेतला असेल. सलगम नाही, तर नाही. याचं करून बघू. आपणही तेच करतो ना? मोदकाला तांदळाची पिठी मिळाली नाही तेव्हा मीही थायी दुकानातलं पीठ आणून उकड काढलीच होती.

भोपळा कोरायचा आमच्या घरी ठरलेला क्रम आहे. आमच्याकडे अख्खा भोपळा बाईने आधी चिरू नये, पुरुषाने पहिली सुरी लावावी असं मानतात. आई बाजारातून भोपळा आणला की बाबांना हाक मारायची. ते नुसतं टोक टेकवून परत पेपर वाचायला जायचे, पुढे सगळं आईच करायची. इथेही नवरा पहिली सुरी लावतो, मग मी देठाभोवती गोल झाकण कापते. झाकण उचललं की तो ओला, थंड, काकडीसारखा वास. आत तंतूंचं जाळं असतं, त्यात चपट्या बिया अडकलेल्या. लेक बाह्या सरसावून कोपरापर्यंत हात घालते. बिया धुऊन, मीठ-हळद लावून भाजतो. कोरायच्या या भोपळ्याचा गर पाणचट असतो, त्याचे घारगे होत नाहीत. घारग्यांसाठी छोटे 'पाय पम्पकिन' वेगळे आणावे लागतात. पहिल्या वेळी आत दिवा लावून झाकण ठेवलं तेव्हा लेकीने आत डोकावून विचारलं, "म्हातारी आतच आहे का?" लेकीकडे तूप-रोटी खाऊन भोपळ्यात बसून परत निघालेल्या म्हातारीची गोष्ट ती तेव्हा रोज ऐकायची. मी म्हटलं, आहे. त्यानंतर भोपळ्याला भयानक तोंड कोरायला ती कधीच तयार झाली नाही. आमचा भोपळा हसराच असतो.

विनोदांचं काय करायचं हा प्रश्न मात्र मोठा होता. इथले विनोद शब्दांवरच्या कोट्यांचे असतात. सांगाडा पार्टीला का गेला नाही? कारण त्याच्याबरोबर यायला 'नो बॉडी'. असे विनोद गल्लीतल्या प्रत्येक मुलाला पाठ असतात. लेक पाच वर्षांची झाल्यावर म्हणाली, मला असा सांगायचाय जो कुणालाच माहीत नसेल. मी आईला फोन लावला. आईने एक क्षण विचार केला नाही. म्हणाली, "विनोद कशाला? कोडं घाल म्हणावं." तेव्हापासून जळगाव ते डी मॉइन असा कोड्यांचा रतीब सुरू झाला. सप्टेंबर सरला की आजी-नात मिळून कोडी निवडतात, मी इंग्रजीत करून देते. हिरवी पेटी, आत मोती, म्हणजे भेंडी, हे फसलं, कारण समोरच्याने आयुष्यात ताजी भेंडी चिरली नव्हती. पण बाकीची चालली. इथे संध्याकाळचे सहा वाजतात तेव्हा जळगावात पहाटेचे साडेचार वाजलेले असतात. आई मुद्दाम उठून बसते. कुठल्या घरी कोणतं कोडं सुटलं, कुणी हार मानली, हा सगळा हिशेब तिला त्याच वेळी हवा असतो.

आता २०२० ची गोष्ट सांगते, कारण खरं तर तिच्यासाठीच लिहायला बसले.

त्या वर्षी कशाचाच भरवसा नव्हता. मार्चपासून शाळा बंद. आई जळगावात एकटी, आणि विमानं नाहीत. त्यात १० ऑगस्टला आयोवावर डेरेचो आलं. सरळ रेषेत धावणारं ते वादळ काही ठिकाणी ताशी शंभर मैलांच्याही वर होतं. शेतातला मका आडवा झाला, आणि गावोगावची जुनी झाडं मुळासकट गेली. समोरच्या आजींच्या अंगणातला मेपलही गेला. त्यांच्या नवऱ्याने लग्नानंतर लावलेला. करवतीने त्याचे ओंडके पाडत होते तेव्हा आजी पायरीवर बसून बघत होत्या. मला त्यांच्याजवळ जाऊन बसायचं होतं, पण तेव्हा कुणी कुणाजवळ बसत नव्हतं.

त्या वर्षी अधिक अश्विन होता. म्हणून नवरात्र उशिरा आलं आणि कोजागिरी थेट ३० ऑक्टोबरला. बरोबर बेगर्स नाइटला! इथल्या बातम्यांत सगळीकडे 'ब्लू मून'ची चर्चा होती, एका महिन्यात दोन पौर्णिमा, एक १ तारखेला आणि दुसरी ३१ ला. १ तारखेची ती आपली अधिकातली पौर्णिमा. चंद्र एकच, हिशेब लिहायच्या वह्या दोन. आईला फोनवर हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे भुलाबाई उठायचा दिवस." मी इतका विचारच केला नव्हता. महिनाभर खेळून कोजागिरीला भुलाबाई सासरी जाते. त्या रात्री सगळ्यांत जास्त खाऊ असायचा.

मुलांना पाठवावं की नाही यावर गल्लीत बरंच बोलणं झालं. शेवटी प्रत्येकाने आपापली सोय लावली. कुणी अंगणाच्या टोकाला टेबल मांडून पुड्या ठेवल्या. समोरच्या आजींनी पायरीच्या कठड्याला प्लंबिंगचा लांब पांढरा पाइप बांधला होता. त्या वरून चॉकलेट सोडणार, खाली मुलाने पिशवी धरायची. दारावरचा दिवा त्यांनी साडेपाचलाच लावला होता, अजून उजेड असताना.

लेक आठ वर्षांची, अंतराळवीर झालेली, हेल्मेटच्या आत मास्क. सूर्य सव्वासहाच्या आत बुडाला होता. आम्ही चार-पाच घरं करून आजींच्या अंगणात आलो तेव्हा अंधार पडला होता. पाइपाच्या खालच्या टोकाशी उभी राहून तिने मोठ्याने कोडं घातलं. आईने निवडून दिलेलं, सूपभर लाह्या, मधे रुपया. सूप म्हणजे काय ते सांगण्यात वेळ गेला असता, म्हणून आम्ही 'भलंमोठं ताट' केलं होतं, आणि लाह्यांचं पॉपकॉर्न. ताटभर पॉपकॉर्न आणि मधोमध एकच चांदीचं नाणं.

आजींना येईना. एरवी त्या दोन मिनिटांत हार मानून चॉकलेट देतात. त्या दिवशी त्यांना घाई नव्हती. त्यांनी विचारलं, खायचं असतं का? लेक म्हणाली, नाही. घरात असतं का? नाही. आता असतं का? लेक म्हणाली, आहे, आत्ता आहे. आजी तिच्याकडे बघत राहिल्या, मग सहज मान वर केली. जिथे इतकी वर्षं मेपल उभा होता तिथे मोकळं आभाळ होतं, आणि छपरांच्या वर नुकताच आलेला चंद्र. पिवळसर, मोठा. चांदण्या फार नव्हत्या, पौर्णिमेला नसतातच, पण होत्या तेवढ्या पुरल्या. आजी काही बोलल्या नाहीत. नुसतं बोट वर केलं. लेक उड्या मारायला लागली. मग त्यांनी ओंजळभर चॉकलेटं पाइपात सोडली, आणि ती खुळखुळत खाली आली. तो आवाज ऐकून माझा हात आपोआप पदर शोधायला गेला. अंगात जाड जॅकेट होतं.

घरी येऊन मी दूध आटवायला ठेवलं. केशर, वेलदोडा, बदामाचे काप, थोडं जायफळ, थोडी चारोळी. आईने पाठवलेल्या चारोळीची ती शेवटची पुडी होती, पुढची कधी येईल माहीत नव्हतं. आठ वाजले तसे गल्लीतले दिवे एकेक करून विझायला लागले. लेकीने विचारलं, आपलाही घालवू? मी म्हटलं, आज राहू दे. आज मध्यरात्री लक्ष्मी 'कोण जागं आहे' विचारत फिरते. समोर पाहिलं तर आजींचाही दिवा चालूच होता. त्या पायरीवरच बसल्या होत्या, पांघरूण घेऊन, तोंड वर करून.

झाकणाच्या एका उंच पेल्यात मी गरम दूध भरलं. लेक तो दोन्ही हातांनी धरून रस्ता ओलांडून गेली, त्यांच्या खालच्या पायरीवर ठेवला आणि मोजून सहा फूट मागे आली. मी आमच्या दारातून बघत होते. कानाशी फोन, पलीकडे आई, जळगावात उजाडत आलेलं. आजींनी पेला उचलला, झाकण किलकिलं करून वास घेतला आणि विचारलं, "यात काय काय आहे गं?"

लेक कमरेवर हात ठेवून म्हणाली, "ओळखा."